पाखरू उजव्या हातावर बसेना

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी एक हात पुढे धरून पुतळ्यासारखी बसली होती. समोर लॅपटॉप उघडा, बाजूला सुरी आणि अर्धा चिरलेला कांदा, आणि तिचा पालथा पंजा हवेत, कुणाला आशीर्वाद देत असल्यासारखा.

"काय चाललंय?"

"बोलू नका. बसलंय."

"कोण बसलंय?"

"पाखरू."

मास्तरांनी बूट काढता काढता डोकावून पाहिलं. पडद्यावर एक तार होती, तारेवर गुबगुबीत पाखरांची ओळ, आणि मधोमध चित्रातला एक पिवळा पंजा. लॅपटॉपच्या वरच्या कडेचा कॅमेरा बायकोचा हात बघत होता आणि तिचा हात जिकडे जाई तिकडे तो पिवळा पंजा जाई. आत्ता त्या पंजावर एक निळं पाखरू बसून दाणे टिपत होतं. दाणे संपले तसा बायकोनं हात सावकाश बाजूला नेला, पाखरू तिथल्या झाडावर उतरलं, आणि तिनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"लेकीनं लिंक पाठवली. ब्राउझरमध्येच उघडतं, काही डाउनलोड करावं लागत नाही. माउस नाही, बटण नाही, नुसता हात. पुढे धरला की पाखरू येतं, खाताना हलला की उडतं. दाणे खाऊन होईस्तोवर कळ काढायची आणि झाडावर पोचवायचं."

"एवढंच?"

"एवढंच म्हणून बघा करून."

"मला सांगतेस? पगार कशाचा घेतो मी?"

हे म्हणण्याचा त्यांना हक्क होता. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. इमारतींच्या बांधकामावर ते क्रेनला खुणा करायचे. उंच क्रेनच्या टोकाशी काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं धड काही दिसत नाही. ओझं उचल, डावीकडे घे, खाली सोड, थांब, हे सगळं त्याला खाली उभा असलेला माणूस हातांनी सांगतो. जन्मभर हे काम केल्यामुळे आणि लांबून बघणाऱ्याला ते हवेत बँड वाजवून घेताहेत असं वाटत असल्यामुळे साइटवर त्यांचं नाव बँडमास्तर पडलं होतं. त्याचं पुढे नुसतं मास्तर झालं.

मास्तर खुर्ची ओढून बसले. बाही सारखी केली आणि उजवा पंजा पालथा पुढे धरला. तारेवरून एक पाखरू लगेच उडालं, पिवळ्या पंजावर येऊन बसलं, एक दाणा टिपला, दुसरा टिपला आणि भुर्रकन तारेवर परत गेलं.

"हललात," बायको म्हणाली.

"हललो नाही."

"पुन्हा करा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाखरू यायचं, बसायचं, पंक्तीत चुकीच्या ताटावर बसल्याचं ध्यानात यावं तसं मध्येच उठून जायचं. बायकोनं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हसत होते.

"खेळ बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

एरवी मास्तरांनी ही थट्टा हसून घालवली असती. पण गेले काही दिवस त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शुक्रवारी साइटवर एक प्रकार घडला होता. सळयांचा भारा चौथ्या मजल्यावर उतरत होता. तिथे मास्तरांसमोर, भारा टेकवायच्या फळीपाशी साखळीवाला उभा होता. ओझ्याच्या साखळ्या बांधायच्या नि सोडायच्या हे त्याचं काम. भारा फळीपासून वीतभर उंचीवर आला तेव्हा मास्तरांनी थांबण्याची खूण केली. भारा थांबला आणि क्षणभरानं तेवढी वीतही खाली आला. साखळीवाल्यानं पाय ओढला म्हणून वाचला. फळीचा मात्र भुगा झाला. मास्तरांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि साऱ्या साइटला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, वर झोपा काढता का?"

ताई म्हणजे क्रेन चालवणारी बाई. दिवसभर डोक्यावर असायची म्हणून सगळे तिला वरच्या ताई म्हणत. तिनं एवढंच उत्तर दिलं होतं की तुम्ही खाली म्हणालात, मी खाली घेतलं. मास्तरांनी तिथल्या तिथे ते खोडून काढलं होतं. आता मुख्य ऑफिसचा माणूस चौकशीला येणार होता. चूक ताईची ठरली की तिला केबिनमधून कायमचं खाली उतरवणार, हे साइटवर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मास्तरांचा शब्द विरुद्ध असताना दुसरं काही ठरायची शक्यता नव्हती.

"सरका," बायको म्हणाली. "नीट बघू या."

बायको रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचं काम करायची. गिऱ्हाईकानं आणलेल्या तुकड्याशी डब्यातला रंग जुळेना की तिथे एकच नियम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, ब्रह्मदेवाला कळत नाही.

तिनं आधी वरची ट्यूब बंद करून दिवा लावला. पाखरू उडालं. मग मास्तरांना गडद बाहीवर पांढरा टॉवेल गुंडाळायला लावला. उडालं. खुर्ची मागे घेतली, उडालं. पुढे घेतली, उडालं. बोटातली अंगठी कॅमेऱ्यात चमकत असेल म्हणून ती काढायला लावली. इतक्या वर्षांत ती निघाली नव्हती, साबण लावावा लागला. अंगठी निघाली आणि पाखरू उडालंच.

"माझ्या संसाराची अंगठी पाखरासाठी काढलीत," ती म्हणाली.

"तूच काढायला लावलीस."

"मघापासून माझा हात मी तपासलाच नाही. थांबा." ती त्यांच्याच खुर्चीवर, त्याच दिव्याखाली, तोच टॉवेल गुंडाळून बसली. पाखरू आलं, पोटभर जेवलं, झाडावर गेलं. म्हणजे दिवा नाही, टॉवेल नाही, जागा नाही.

"मग राहिलं काय?" मास्तरांनी विचारलं. त्यांनाही आता गोडी लागली होती. चिरायचा राहिलेला कांदा दोघंही विसरली होती.

"हात राहिला. डावा धरा."

मास्तरांनी डावा पंजा पुढे केला. तारेवरून हिरवं पाखरू आलं. बसलं. दाणे टिपले. मान वाकडी करून इकडे तिकडे पाहिलं, पण गेलं नाही. मास्तरांनी हात बाजूला नेला, पाखरू झाडावर उतरलं.

"बघ, बसलं," ते म्हणाले.

"आता उजवा. आणि ह्या खेपेला पाखराकडे बघू नका. पंजाकडे बघा."

मास्तरांनी उजवा पुढे धरला आणि पडद्यावरच्या पिवळ्या पंजावर नजर रोखली. पंजा आला, थांबला, शहाण्या मुलासारखा उभा राहिला. मग पहिला दाणा टिपून होतो न होतो तोच तो हलायला लागला. फार नाही. खाली, वर, खाली, वर, अगदी हलके.

मास्तर पडद्याजवळ वाकले.

तो पंजा त्यांच्या ओळखीचा होता. इतक्या लहान आकाराचा आपला हात त्यांनी आजवर कधी पाहिला नव्हता, पण वरच्या काचेच्या केबिनमधून तो एवढाच दिसत असणार. आणि तो जे करत होता त्याला त्यांच्यात नि ताईत एक नाव होतं.

"हे तर थोपटणं आहे," ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी बायकोला सांगितलं. क्रेनच्या खुणांचं छापील पुस्तक असतं, त्यात ओझं खाली सोडायची खूण वेगळी आहे, बोट खाली करून गोल फिरवायचं. पण शेवटच्या वीतभरासाठी ती खूण धसमुसळी पडते. ताई नि ते गेली कित्येक वर्षं बरोबर. केव्हातरी त्यांनी आपसात एक खूण ठरवून घेतली. बाळाला निजवताना थोपटावं तसा पालथा पंजा हवेत हलकेच खालीवर करायचा. म्हणजे आणखी जरासं, सावकाश. आणि तोच पंजा निश्चल धरला की थांबा. पुस्तकात हे कुठेच नाही. साइटवर दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

"म्हणजे शुक्रवारी तुम्ही पंजा धरलात थांबायला," बायको हळूहळू म्हणाली, "आणि तो थोपटायला लागला."

 मास्तरांनी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

"चहात साखर ढवळून चमचा बशीत ठेवता ना," ती म्हणाली, "तेव्हा हल्ली वाजतो. मला वाटलं, घाईत असता."

"मला का नाही बोललीस?"

"चमचा वाजतो म्हणून नवऱ्याला काय बोलायचं?"

 तारेवरची पाखरं एका पायावर उभी राहून वाट पाहत होती. बायकोनं सुरी उचलली, कांदा पुढे ओढला आणि मान खाली घालून म्हणाली, "त्या बाईंना उतरवणार म्हणालात ना तुम्ही?"

"हो."

"मग?"

"मग काय. खुणा करणाऱ्याचा हात हलतो हे कळल्यावर मला कोण उभं करील?"

"ते मी विचारलं नाही."

सकाळी मास्तर साइटवर पोचले तेव्हा ताई क्रेनच्या पायथ्याशी शिडी चढायच्या आधी हातमोजे घालत होत्या. शुक्रवारनंतर दोघांत कामापुरतं बोलणं होतं.

"ताई, एक विचारू?"

"विचारा. झोपेत नाहीये अजून."

मास्तरांनी ते गिळलं. "शुक्रवारी मी थोपटलं असं तुम्हाला दिसलं?"

ताईंचा एक मोजा हातात तसाच राहिला. "दिसलं म्हणजे? थोपटलंत तुम्ही. म्हणून घेतलं मी खाली."

"मग हे इंजिनिअर साहेबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? आम्ही दोघं पुस्तक सोडून आपल्या घरच्या खुणा वापरतो म्हणून? माझ्याबरोबर तुमचीही भाकरी गेली असती. मी म्हटलं, मास्तरांच्या ध्यानात येईल, ते स्वतः बोलतील. तुम्ही तर साऱ्या साइटसमोर मी झोपा काढते म्हणालात."

"मी थोपटलं नव्हतं, ताई."

"मग मी वेडी?"

"नाही. तुम्ही बरोबर बघितलंत, आणि मी थोपटलं नव्हतं. दोन्ही खरं आहे. चला, दाखवतो."

साइट ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली होती. इंजिनिअर साहेब वयानं मास्तरांच्या लेकीएवढे, पण डोक्यावरचं हेल्मेट खोलीतही न काढणारे. मास्तरांनी त्यांच्या संगणकावर एक खेळ उघडायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"खेळ? आत्ता?"

"दोन मिनिटं. चौकशीचंच आहे."

मास्तरांनी फोनवरची लिंक दाखवली, साहेबांनी ती संगणकात घातली. तार आली, पाखरं आली. काय करायचं ते मास्तरांनी सांगितलं आणि आधी साहेबांनाच हात धरायला लावला. साहेबांच्या हातावर पाखरू बसलं. त्यांनी ते झाडावर पोचवलं आणि कुणी न सांगता दुसरं बोलावलं.

"साहेब," ताई म्हणाल्या.

"हो, हो. झालं."

मग ताई बसल्या. त्यांच्या हातावर पाखरू इतकं निवांत बसलं की घर करतंय की काय असं वाटावं. मग मास्तरांनी डावा धरला, तेही जमलं. शेवटी त्यांनी उजवा पंजा पुढे केला. रात्री झोप लागली नव्हती, आणि मनात कुठेतरी एक वेडी आशा होती की सकाळच्या उजेडात हा हात शहाण्यासारखा वागेल. पाखरू आलं. बसलं. पिवळा पंजा हलके हलके खालीवर व्हायला लागला.

ताई खुर्चीवरून अर्धवट उठल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच दिसलं मला शुक्रवारी."

"उजेडामुळे असेल," साहेब म्हणाले.

"दिवा बदलून पाहिला."

"बाहीमुळे?"

"टॉवेल गुंडाळून पाहिला. खुर्ची पुढेमागे करून पाहिली. अंगठीही काढली." मास्तरांनी रिकामं बोट दाखवलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलली, साहेब. हात तेवढा राहिला."

"पण हात हलला तरी क्रेन खाली का यावी? खाली सोडायची खूण अशी नाहीच."

 ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. हा एक प्रश्न टाळता आला असता तर दोघांनाही बरं झालं असतं. मास्तरांनी घसा खाकरला आणि थोपटण्याची गोष्ट सांगितली. कधी ठरवली, का ठरवली, आणखी कुणालाच ठाऊक नव्हती, सगळं. खूण माझीच कल्पना होती, असंही ते म्हणाले.

"दोघांची होती," ताई म्हणाल्या.

साहेबांनी अखेर हेल्मेट काढलं. घामानं केस चप्प बसले होते. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय? इतकी वर्षं माझ्या साइटवर पुस्तकाबाहेरची खूण चालू होती?"

"तुमच्या साइटवर दोनच वर्षं," मास्तर म्हणाले. "आधी दुसऱ्यांच्या साइटवर."

साहेबांना हसू आवरलं नाही आणि त्याचा त्यांना रागही आला. त्यांनी मुख्य ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या माणसाला खेळाचा भाग समजेना. "नाही, पाखरू. पा-ख-रू," असं साहेबांना दोनदा सांगावं लागलं. मग ते बराच वेळ नुसते हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ताई, तुमच्यावरची चौकशी थांबली. तुम्ही जे पाहिलं तेच केलंत. पण आजपासून पुस्तकातल्या खुणांशिवाय एकही नाही. परत असं काही कानावर आलं तर पाखरू बसो की उडो, मी ऐकणार नाही. आणि मास्तर, तुम्ही आधी डॉक्टरांकडे. ते काय म्हणतात ते कळेपर्यंत क्रेनसमोर उभं राहायचं नाही."

"त्यानंतर?"

"त्यानंतरचं मला आत्ता माहीत नाही."

मास्तरांनी मान हलवली. उत्तर खरं होतं, त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर ताई शिडीकडे वळल्या नाहीत. हातमोजे घालत तिथेच उभ्या राहिल्या. "मास्तर, राग मानू नका. हात हलतो त्यात तुमचा दोष नाही. पण त्या दिवशी तुम्ही मला आत घेऊन बोलला नव्हतात. सगळ्यांच्या कानावर घातलं होतंत."

मास्तरांना समजलं. हातांनी बोलणारा माणूस ते. चार शब्द एका दमात बोलायचे म्हणजे त्यांना घाम फुटायचा. त्यांनी कमरेचा वॉकीटॉकी काढला, डाव्या हातात धरला, बटण दाबलं आणि काही वेळ त्यातून नुसता त्यांचा श्वास साऱ्या साइटला ऐकू गेला.

"मास्तर बोलतोय," ते शेवटी म्हणाले. "शुक्रवारचा भारा ताईंच्या चुकीनं खाली आला नाही. माझ्या हातानं आणला. हाताला कंप आहे, मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना बोललो ते परत घेतो. संपलं."

 वॉकीटॉकीतून साखळीवाल्याचा आवाज आला. "मास्तर, मग त्या फळीचं काय?"

"फळी तुझ्या पायाच्या मोबदल्यात गेली. पाय परत दे, फळी आणून देतो."

कुठेतरी दोघंतिघं हसली. ताईंनी मोज्याचं बक्कल लावलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि शिडीला लागल्या. मास्तर त्यांना वर जाताना बघत राहिले. केबिनचं दार उघडलं, बंद झालं.

खुणा करायला साखळीवाल्याला उभं केलं होतं. त्यानं त्याचं शिक्षण घेतलं होतं, पण खुणा अशा जोरात करायचा की माशा हाकलतोय असं वाटे. मास्तर त्याच्या मागे, कठड्याला टेकून उभे राहिले. पहिलं ओझं हुकाला लागलं, उठलं, वळलं, खाली येऊ लागलं. साखळीवाल्यानं पुस्तकातल्यासारखं बोट खाली करून गोल फिरवलं. शेवटची वीत आली तेव्हा ओझं जरा हिंदकळत टेकलं. मास्तरांच्या खांद्यातून एक खूण आपोआप निघाली होती, ती त्यांनी कोपराशीच अडवली.

"कसं झालं?" साखळीवाल्यानं वळून विचारलं.

"टेकलं ना? मग झालं. पण बोट एवढं गरागरा फिरवू नकोस, ताईंना भोवळ येईल."

दुपारी बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून फाटकापाशी आली. नखांच्या कडेला निळा रंग तसाच होता. डॉक्टरांकडे जायला रस्ता ओलांडायचा होता, पण ट्रकांची रांग सरेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली. मास्तरांनी उजवा हात खिशातून काढला आणि पोटासमोर पालथा धरला. दोघंही वाकून त्याकडे बघू लागली. हात आधी स्वस्थ राहिला, मग हळूच सुरू झाला.

"चालताना हलतो का?" बायकोनं विचारलं.

"नाही वाटतं. घट्ट काही धरलं की थांबतो. मोकळा सोडला की परत."

"आणि जेवताना?"

"बघितलं नाही अजून."

"बघू. डॉक्टर विचारतील." ती जरा थांबली. "आणि त्या ताई?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. क्रेनचा लांब हात सावकाश फिरत होता.

"वर आहेत," ते म्हणाले, आणि दोघं रस्त्यात उतरली.